रात्री चेहरा पांढरा, नंबरप्लेट कोरी: सीसीटीव्हीचं चित्र पुन्हा पुन्हा बिघडतं तेव्हा

तक्रार ठरलेली असते. दिवसा चित्र झक्क, पण रात्री गेटमधून आलेल्या माणसाच्या खांद्यावर डोक्याच्या जागी नुसता पांढरा डाग, आणि गाडीची नंबरप्लेट म्हणजे कोरी पट्टी. "दादा, कॅमेरा नवीन आहे ना, मग माणूस भुतासारखा का दिसतोय?" असं विचारत सोसायटीचे सेक्रेटरी डीव्हीआरसमोर (रेकॉर्डरसमोर) बसतात आणि ब्राइटनेस कमी करतात. चेहरा जरासा दिसतो, पण मागचं सगळं पार्किंग काळंकुट्ट होतं. दुसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणतं पार्किंग दिसत नाही, की ब्राइटनेस पुन्हा वर. असं करता करता आकडे इतके इकडचे तिकडे होतात की मुळात काय होतं ते कोणालाच सांगता येत नाही. शेवटी मीटिंगमध्ये ठराव होतो, कॅमेरा भिकार आहे, बदला. बदलतात. नवाही रात्री तेच दाखवतो.

मी सीसीटीव्ही बसवण्याचं, आणि त्याहून जास्त दुसऱ्यांनी बसवलेले नीट करून देण्याचं काम करतो. माझं मत सरळ आहे: ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टच्या पट्ट्यांना हात सगळ्यात शेवटी लावायचा, आणि बहुतेक वेळा लावायचाच नाही. त्या पट्ट्या पकडून झालेल्या चित्रावर काम करतात. सेन्सरचा जो भाग उजेडाने भरून गेला, तिथे नाक-डोळ्यांची माहितीच उरलेली नसते. ब्राइटनेस उतरवला की पांढरा चेहरा राखाडी होतो, ओळखू मात्र येत नाही.

मुळात होतं काय? ऑटो एक्स्पोजरवरचा, म्हणजे किती उजेड घ्यायचा ते स्वतः ठरवणारा, कॅमेरा अख्ख्या चौकटीतल्या उजेडाचा अंदाज घेतो. रात्री चौकटीचा मोठा भाग अंधाराचा, म्हणून तो शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि गेन (सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण) वाढवतो. तेवढ्यात माणूस कॅमेऱ्याजवळ येतो, कॅमेऱ्याच्याच आयआर (इन्फ्रारेड, डोळ्याला जवळपास न दिसणाऱ्या उजेडाच्या) दिव्यांचा झोत सरळ तोंडावर पडतो, आणि अंधारासाठी ठरवलेल्या हिशेबात तो चेहरा जळून जातो. म्हणजे दुखणं उजेड कुठून येतो आणि कशावर पडतो याचं आहे. उपायही तिथूनच सुरू करायचा.

आधी घोळ मिटवा

काही बदलण्याआधी कॅमेऱ्याच्या इमेज सेटिंगच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग फक्त इमेजचं पान डिफॉल्ट करा. बहुतेक ब्रँडमध्ये सगळ्या पट्ट्या १०० पैकी ५० वर येतात. सावधगिरी एकाच गोष्टीची: इमेज डिफॉल्ट करणं वेगळं आणि पूर्ण कॅमेरा फॅक्टरी रिसेट करणं वेगळं. दुसऱ्यात आयपी ॲड्रेस आणि पासवर्डही जातात आणि एका कामाची चार कामं होतात.

चित्र पारखताना सोळा चौकोनांच्या स्क्रीनवर विश्वास ठेवू नका. तिथे बहुधा हलकी सब-स्ट्रीम (कमी दर्जाचं चित्र) दिसत असते. त्या कॅमेऱ्यावर डबल-क्लिक करून पूर्ण स्क्रीन घ्या. त्याहून बरं म्हणजे पेनड्राइव्हवर दोन मिनिटांची क्लिप काढून मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर बघा. ऑफिसातल्या जुन्या टीव्हीचा स्वतःचा कॉन्ट्रास्ट कोणीतरी कधीतरी चढवून ठेवलेला असतो, आणि त्याचं खापर कॅमेऱ्यावर फुटतं.

आणि रात्रीची तक्रार रात्रीच बघायची. बऱ्याच आयपी (नेटवर्कवर चालणाऱ्या) कॅमेऱ्यांत दिवसाचं आणि रात्रीचं प्रोफाइल वेगळं असतं. दुपारी येऊन तुम्ही जे बदलता ते दिवसाच्या खात्यात जमा होतं, रात्री कॅमेरा दुसरंच पान उघडतो. मग "काल तर केलं होतं, परत तसंच झालं" ही ओरड. काहीच परत झालेलं नसतं. रात्रीचं पान कोणी उघडलेलंच नसतं.

ॲनालॉग एचडी कॅमेऱ्यांत आणखी एक गंमत आहे. त्यांचा स्वतःचा मेन्यू डीव्हीआरमधल्या पीटीझेड (कॅमेरा फिरवण्याच्या आणि झूमच्या) कंट्रोलमधून उघडतो, बऱ्याच डीव्हीआरवर "आयरिस प्लस" दाबून. त्या मेन्यूतून बाहेर पडताना "सेव्ह अँड एक्झिट"वर जाऊनच बाहेर पडावं लागतं. नुसतं उजव्या क्लिकने बाहेर आलात तर बदल समोर दिसतो, पण पहिली लाइट गेली की पुसला जातो. वीज जाऊन आली की सेटिंग उडतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधी हे तपासावं.

काच, जाळं आणि बोटांचे ठसे

रात्री पूर्ण चित्रावर दुधासारखी पांढुरकी झाक असेल, दिवसा मात्र ती नसेल, तर सेटिंगला हात लावू नका. शिडी लावा.

डोम कॅमेऱ्याच्या बाबतीत हे हमखास होतं. लेन्स आणि आयआर दिवे एकाच पारदर्शक घुमटाखाली असतात. दिव्याचा उजेड घुमटावर आदळून आतल्या आत परत लेन्समध्ये जाऊ नये म्हणून लेन्सभोवती काळ्या रबराची किंवा फोमची कडी असते आणि ती घुमटाला आतून टेकलेली असावी लागते. घुमट तिरका बसला, कडी एका बाजूला दबली किंवा लेन्स फिरवताना निसटली, की तिथूनच उजेड झिरपतो. स्क्रू सैल करा, घुमट काढा, कडी गोलाकार नीट बसवा, आणि घुमट परत लावताना त्याला आतून बोट लागू देऊ नका. बोटाच्या तेलकट ठशाचा दिवसा मागमूस दिसत नाही. रात्री आयआरखाली तोच ठसा चित्रात धुक्यासारखा पसरतो. मऊ मायक्रोफायबर कापड थोडं ओलं करून आतून-बाहेरून पुसा आणि कोरड्या कापडाने संपवा. वॉचमनच्या केबिनमधलं फडकं नको. त्याने घुमटावर बारीक ओरखडे पडतात, आणि ओरखडा काही पुसून जात नाही. नव्या कॅमेऱ्यावर येणारी पातळ प्लास्टिकची फिल्मही तशीच राहून गेलेली सापडते. ती काढली की अर्धी तक्रार मिटते.

नळीसारख्या बुलेट कॅमेऱ्याला कोळी आवडतो. रात्री कॅमेरा कोमट असतो आणि त्याच्या आसपास किडे जमतात, म्हणून तो बरोबर लेन्ससमोर जाळं विणतो. जाळ्याचा एकच धागा लेन्सपासून दोन बोटांवर असतो, त्यावर आयआर पडला की चित्रात जाड पांढरा दोर लोंबकळताना दिसतो, आणि वाऱ्याने हलला की मोशन अलर्टचा रतीब सुरू होतो. लांब दांड्याच्या जाळ्याच्या ब्रशने महिन्यातून एकदा झाडून घेणं हाच खरा इलाज. औषध फवारायचं तर काचेवर उडणार नाही असं, मागच्या ब्रॅकेटवर.

पावसाळ्यात डोमच्या आत वाफ धरते. पाणी बहुतेक वेळा वरून गळत नाही, वायरीवरून चालत आत येतं. वायर कॅमेऱ्यात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल, मागचं भोक सिलिकॉनने बुजवा, आणि आत सिलिका जेलची पुडी टाका.

भिंत जवळ, गेट लांब

काच स्वच्छ आहे, तरीही चेहरे जळतात किंवा गेट काळोखात बुडतं. आता चौकटीच्या कडा बघा. एखाद्या कोपऱ्यात भिंत, पत्र्याची शेड, पाइप किंवा केबिनचं छप्पर पांढरंफटक दिसतंय का?

हे गणित एकदा डोक्यात बसलं की पुढे त्रास होत नाही. उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. समजा भिंत कॅमेऱ्यापासून १ मीटरवर आहे आणि गेट ६ मीटरवर. भिंतीवर गेटच्या ३६ पट आयआर पडतो. भिंत नुकती रंगवलेली पांढरी असेल तर विचारूच नका. कॅमेरा ती चकाकी बघून एक्स्पोजर खाली खेचतो आणि गेट अंधारात जातं. चौकटीत भिंतीची नुसती पट्टी असली तरी पुरते.

म्हणून आधी कॅमेरा फिरवा. भिंत चौकटीबाहेर जाईल इतका तिरपा करा. तेवढ्याने भागलं नाही तर छोट्या ब्रॅकेटने किंवा जंक्शन बॉक्सने भिंतीपासून पुढे काढा. छपराखाली लावलेला कॅमेरा छपराचा काठ दाखवत असेल तर खाली झुकवा. आकाश आणि छप्पर रेकॉर्ड करून कोणाचंच भलं होत नाही.

जागा हलवता येत नसेल तर मग सेटिंग. "स्मार्ट आयआर" चालू करा. माणूस जवळ आला की दिवे आपोआप मंद होतात. मॅन्युअल आयआरची पातळी असेल तर ती १०० वरून ५० च्या आसपास आणा आणि वॉचमन मामांना गेटपासून केबिनपर्यंत चालायला सांगा. तुम्ही मोबाइलवर लाइव्ह बघत उभे राहा. ॲपवर चित्र थोडं मागे पडतं हे लक्षात ठेवा. चेहरा ज्या जागी ओळखू यायला हवा, म्हणजे साधारण विकेट गेटच्या (मोठ्या गेटातल्या छोट्या दाराच्या) आत आल्यावर, तिथे थांबवा आणि पातळी त्या जागेसाठी ठरवा. सगळ्या अंतरांवर सारखं चांगलं चित्र मिळत नाही. जागा एक निवडायची आणि बाकीच्यावर पाणी सोडायचं.

गेटवर साधा एलईडी दिवा लावणं हा या सगळ्यापेक्षा स्वस्त आणि जास्त गुणकारी उपाय आहे, फक्त तो कॅमेऱ्याच्या समोर नको. कॅमेऱ्याच्या मागे किंवा बाजूला, खाली तोंड करून. माणसाच्या पाठीमागे दिवा असला की चेहरा काळा पडणारच, मग कॅमेरा कितीही महागाचा असो.

तिन्हीसांजेची टिकटिक

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी चित्र रंगीत, मग काळं-पांढरं, पुन्हा रंगीत असं हेलकावे खात असेल, आणि कॅमेऱ्याजवळ कान नेल्यावर टिक-टिक ऐकू येत असेल, तर तो आवाज आयआर कट फिल्टरचा आहे. दिवसा हा फिल्टर सेन्सरपुढे असतो आणि अदृश्य आयआर अडवतो, रात्री बाजूला सरकतो. अंधार पडला म्हणून कॅमेरा रात्रीत जातो, आयआर लावतो, समोरच्या भिंतीवरून तो उजेड परत येतो, कॅमेऱ्याला वाटतं सकाळ झाली, तो रंगीत होतो, आयआर बंद, पुन्हा अंधार. हे चक्र चालू राहिलं तर फिल्टरची यंत्रणा लवकर झिजते.

डे-नाइटच्या पानावर संवेदनशीलता आणि विलंब असे दोन आकडे असतात. विलंब वाढवा, म्हणजे क्षणभराच्या बदलाला कॅमेरा भुलणार नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या हेडलाइटने असं होत असेल तर हाच उपाय. तरीही थांबलं नाही तर ऑटो सोडून वेळापत्रक लावा. महाराष्ट्रात हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सूर्यास्ताच्या वेळेत तासाभराहून जास्त फरक पडतो, त्यामुळे वर्षातून दोनदा वेळ बदलावी लागेल.

याचाच जोडीदार बिघाड म्हणजे दिवसाच झाडांची पानं फिकट गुलाबी आणि काळे कपडे जांभळट दिसणं. फिल्टर रात्रीच्या जागी अडकलेला आहे. मेन्यूतून डे आणि नाइट हाताने काही वेळा बदलून बघा; धुळीने अडकलेला असेल तर सुटतो. नाही सुटला तर व्हाइट बॅलन्स किंवा सॅच्युरेशनशी खेळत बसू नका, कॅमेरा दुरुस्तीला जाऊ द्या.

नंबरप्लेट: इथे ऑटो हरतं

चेहऱ्याची गोष्ट एक, प्लेटची दुसरी, आणि दोन्ही एकाच कॅमेऱ्यातून रात्री मागणं हे बहुतेक भांडणांचं मूळ आहे.

रात्री ऑटोवर शटर बऱ्याचदा १/२५ सेकंदापर्यंत उतरतं. गेटमधून आडवी जाणारी स्कूटर ताशी २० किलोमीटरने गेली तरी तेवढ्या वेळात ती २२ सेंटिमीटर सरकते. दुचाकीची मागची हाय सिक्युरिटी प्लेट २० सेंटिमीटर रुंद असते. म्हणजे एका फ्रेममध्ये प्लेट स्वतःच्या रुंदीपेक्षा जास्त घसरली. अक्षरं उरणार कुठून? चालणारा माणूससुद्धा तेवढ्यात पाच-सहा सेंटिमीटर पुढे जातो, म्हणून चेहरा पुसट येतो. शटर १/५०० केलं की स्कूटरची घसर साधारण १ सेंटिमीटरवर येते, १/१००० वर अर्ध्या सेंटिमीटरवर. गाडी समोरून कॅमेऱ्याकडे येत असेल तर चित्रातली घसर याहून कमी असते, म्हणून प्लेटचा कॅमेरा रस्त्याच्या शक्य तितका सरळ रेषेत हवा.

दुसरी गोष्ट चकाकीची. १ एप्रिल २०१९ नंतरच्या सगळ्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट आहे आणि तिचा पत्रा उजेड आला त्याच दिशेला परत फेकणारा आहे. आयआर दिवे लेन्सला चिकटूनच असतात, त्यामुळे प्लेटवरचा जवळपास सगळा उजेड थेट लेन्समध्ये येतो आणि ऑटो एक्स्पोजरवर प्लेट कोरी दिसते. हीच चकाकी आपल्या बाजूने वळवता येते. एक्स्पोजर मॅन्युअल करा, शटर १/५०० पासून सुरू करा, गेनची कमाल मर्यादा खाली आणा. बाकीचं चित्र काळं पडेल, गाडीचा रंगही कळणार नाही, पण त्या काळोखात प्लेट मात्र स्वच्छ उठून दिसेल. कमिटीला हे आधी समजावून सांगा. नाहीतर दुसऱ्या दिवशी कोणीतरी "चित्र किती काळं आहे" म्हणून सगळं ऑटोवर टाकतं.

हेडलाइट लेन्समध्ये घुसत असतील तर एचएलसी (हायलाइट कॉम्पेन्सेशन) लावून बघा. तो फक्त झगमगाट दाबतो, पुसट झालेली प्लेट परत आणत नाही.

शटर ठीक, चकाकी ठीक, तरी वाचता येत नाही? मग लेन्स बघा. सोसायट्यांत सर्रास लावतात तो २.८ मिलिमीटर लेन्सचा २ मेगापिक्सेल कॅमेरा ६ मीटरवर साधारण १५ मीटर रुंदीचं दृश्य घेतो. १९२० पिक्सेल पंधरा मीटरवर पसरले की दर मीटरला १२८ येतात. २० सेंटिमीटरच्या प्लेटच्या वाट्याला जेमतेम पंचवीस. दोन ओळींचा नंबर पंचवीस पिक्सेलमध्ये कोणतंही सेटिंग बसवू शकत नाही. अनोळखी माणूस चेहऱ्यावरून ओळखण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकात दर मीटरला २५० पिक्सेल धरलेले आहेत, त्याच्या निम्मेच इथे मिळतात. तेव्हा गेटचा एकंदर देखावा एका कॅमेऱ्याला द्या आणि प्लेटसाठी लांब लेन्सचा दुसरा लावा, व्हेरिफोकल (झूम कमी-जास्त करता येणारा) असेल तर उत्तम. पैसे घालायचेच असतील तर इथे घाला. आहे तोच कॅमेरा आठ मेगापिक्सेलचा करून रात्रीचं दुखणं जात नाही. छोट्या सेन्सरवर पिक्सेल वाढवले की प्रत्येकाच्या वाट्याचा उजेड उलट कमी होतो.

गेन, डीएनआर आणि मुंग्या

अंधारात चित्रात मुंग्या धावल्यासारख्या दिसतात तो गेनचा गोंगाट. डीएनआर (गोंगाट पुसणारं सेटिंग) वाढवला की मुंग्या जातात, पण फार वाढवला तर चालणाऱ्या माणसामागे त्याचीच सावली ओढली जाते आणि चेहरा मेणाचा दिसतो. मध्यम ठेवा आणि गेनचीच मर्यादा थोडी उतरवा. या गोंगाटाचा दुसरा तोटा हार्ड डिस्कवर दिसतो: प्रत्येक मुंगी म्हणजे रेकॉर्डरच्या लेखी हालचाल, त्यामुळे बिटरेट (दर सेकंदाला साठवायच्या माहितीचं प्रमाण) कमी ठेवलेला असेल तर रात्रीचं रेकॉर्डिंग चौकोन-चौकोन फुटतं. लाइव्ह बरं आणि रेकॉर्डिंग फुटकं असेल तर इमेजच्या पानावर नका, बिटरेट असलेल्या एन्कोडिंगच्या पानावर जा.

दुकानाचं शटर आणि पाठीमागचं ऊन

हा दिवसाचा बिघाड. काउंटरवरचा कॅमेरा दुकानाच्या उघड्या शटरकडे तोंड करून असतो, बाहेर लख्ख ऊन, आत येणारं गिऱ्हाईक काळी आकृती. यासाठी डब्ल्यूडीआर (वाइड डायनॅमिक रेंज) आहे. तो कमी आणि जास्त एक्स्पोजरच्या फ्रेम जोडून एक चित्र करतो. खोक्यावर १२० डीबी लिहिलेलं असेल तर तो खरा. नुसतं डिजिटल डब्ल्यूडीआर म्हटलेलं असेल तर ते सॉफ्टवेअरने सावल्या उजळणं आहे, त्याच्याकडून फार अपेक्षा नको. पातळी तिसाच्या आसपास सुरू करा आणि चेहरा दिसेपर्यंतच वाढवा. पुढे गेलात की सगळं चित्र सपाट आणि धुरकट होतं.

रात्री डब्ल्यूडीआर बंद. अंधारात फ्रेम जोडताना गोंगाट वाढतो आणि हलणाऱ्या माणसाच्या कडा दुहेरी दिसतात. वेगळं रात्रीचं प्रोफाइल असेल तर तिथे तो बंद करून ठेवा. बऱ्याच कॅमेऱ्यांत डब्ल्यूडीआर चालू असताना बीएलसी (मागून उजेड असताना ठराविक भाग उजळणारं सेटिंग) आणि एचएलसी लावताच येत नाहीत. ते पर्याय राखाडी दिसले तर बिघाड समजू नका. बीएलसी मला फक्त एका ठिकाणी पटतो: डब्ल्यूडीआर नसलेला जुना कॅमेरा, आणि चेहरा नेहमी चौकटीच्या एकाच भागात येतो. तेवढा भाग उजळतो, बाहेरचं सगळं जळतं, आणि ते चालतं.

पश्चिमेकडे तोंड असलेल्या गेटची तक्रार दरवर्षी ठराविक महिन्यांतच येते, याचं कारण सेटिंगमध्ये नाही, आकाशात आहे. आपल्या अक्षांशावर सूर्य डिसेंबरात पश्चिमेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला मावळतो आणि जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. जूनमध्ये कॅमेरा बसवताना सूर्य चौकटीबाहेर असतो आणि दिवाळीनंतर अचानक सूर्य चौकटीत शिरतो. कॅमेरा दहा अंश खाली झुकवणं आणि वरचा छज्जा पुढे ओढणं एवढ्याने बहुधा भागतं.

पट्टे सरकतात, रात्री कॅमेरा बंद-चालू होतो

ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली चित्रात आडवे पट्टे सरकत असतील तर फ्रिक्वेन्सी बघा. आपली वीज ५० हर्ट्झची. कॅमेरा ६० हर्ट्झ किंवा एनटीएससीवर (६० हर्ट्झच्या व्हिडिओ पद्धतीवर) असेल तर पट्टे येणारच. ५० हर्ट्झ करा, शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. स्वस्त एलईडीखाली १/५०० वर पट्टे पुन्हा दिसतील. तिथे बल्ब बदलणं सोपं. ॲनालॉग कॅमेऱ्यात दिवे बंद असतानाही पट्टे फिरत असतील तर ते उजेडाचं काम नाही. अर्थिंग आणि बीएनसीचे (व्हिडिओच्या वायरीच्या टोकाचे) जोड तपासा, व्हिडिओची वायर विजेच्या वायरीसोबत एकाच पाइपमधून ओढलीय का ते बघा.

दिवसभर कॅमेरा छान आणि अंधार पडताच रीस्टार्ट होत राहतो किंवा आयआर मिणमिणतो, हा वीजपुरवठ्याचा पत्ता. आयआर लागला की कॅमेरा जास्त करंट ओढतो आणि लांब, पातळ थ्री प्लस वन (वीज आणि व्हिडिओ एकत्र नेणाऱ्या) केबलमध्ये व्होल्टेज पडतं. मल्टीमीटर एसएमपीएसच्या (कॅमेऱ्यांना वीज देणाऱ्या डब्याच्या) टोकाला लावून उपयोग नाही, तिथे १२ दिसणारच. कॅमेऱ्याच्या डीसी पिनपाशी, आयआर चालू असताना मोजा. लेन्सशेजारचा सेन्सर बोटाने झाकला की बऱ्याच कॅमेऱ्यांत दिवसाही आयआर लागतो. अकराच्या खाली आकडा दिसला तर जाड तांब्याची वायर टाका किंवा जवळ वेगळा ॲडॅप्टर द्या. आयआर लागतोय की नाही हे डोळ्याला नीट कळत नाही. ८५० नॅनोमीटरचे दिवे अंधुक लाल दिसतात, ९४० चे दिसतच नाहीत. मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघा, बहुतेक फोनमध्ये जांभळट पांढरे ठिपके दिसतात.

पांढऱ्या दिव्याचे कॅमेरे

रात्री रंगीत चित्र देणारे पांढऱ्या दिव्याचे कॅमेरे आता सगळीकडे लागतात. रंग मिळतो हे खरं, पण पावसाळ्याच्या सुरुवातीला त्या दिव्याभोवती पाखरांचा थवा जमतो आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू तिसऱ्या दिवशी तक्रार घेऊन येतात. दुहेरी दिव्याचा कॅमेरा असेल तर स्मार्ट मोडवर ठेवा: एरवी आयआर, माणूस आला की पांढरा दिवा. पांढऱ्या दिव्याची पातळी शंभरावर ठेवायची गरज क्वचितच पडते.

एकदा बसलेलं चित्र टिकवायला थोड्याच गोष्टी पुरतात. सगळ्या पानांचे फोटो तारखेसह कमिटीच्या ग्रुपवर टाका आणि कॅमेऱ्याची कॉन्फिगरेशन फाइल एक्स्पोर्ट करून ठेवा. ॲडमिन पासवर्ड एकाच माणसाकडे, बाकी सगळ्यांना फक्त बघायचा युजर. गेटला नवा रंग दिला, नवा हॅलोजन लावला, झाड छाटलं, की त्याच रात्री एक क्लिप काढून बघा.

आणि कधी पोलिसांना फुटेज द्यायची वेळ आली तर आयआरच्या चित्रावरून कपड्यांचा रंग ठामपणे सांगू नका. काळ्या रंगाचे अनेक सिंथेटिक कपडे आयआर चांगला परत फेकतात आणि चित्रात राखाडी किंवा चक्क पांढरे दिसतात. पांढऱ्या शर्टवाला म्हणून ज्याला शोधाल, त्याने काळं जॅकेट घातलेलं असू शकतं. चण, चाल, हातातली पिशवी, गाडीचा आकार आणि रेकॉर्डरच्या घड्याळात खऱ्या वेळेपेक्षा असलेला फरक, एवढं लिहून द्या.